वाऱ्याची शेपटी

१२ जानेवारी

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस आणि तुमच्या कॉलनीच्या फाटकावरचा पहारेकरी मला आत सोडत नाही, म्हणून हे लिहायचं. पत्र भांडारवाल्या काकांच्या हाती देतेय. कारखान्याचं शिवणकाम माझ्याकडे तेच आणतात. मनोऱ्यावरची शेपटी कोण शिवतं हे तू त्यांना कधी विचारलं नसशील, तर सांगते, मी शिवते. दर वर्षी तुमचा वायू कापड खाऊन टाकतो आणि दर वर्षी काका नवं नारिंगी कापड घेऊन येतात. तू तिच्याकडे बघून पोट भरतोस, मी ती शिवून. चला, एवढं तरी नातं शिल्लक आहे.

काम असं आहे की पिपाणीला थोडे महिने तुझ्याकडे ठेवून घे.

पिपाणी म्हणजे माझी मुलगी. हे नाव तुझ्या कानावर आलं नसणार, तू वर राहायला गेलास तेव्हा ती रांगत होती. तिची छाती वाजते म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. आधी मी भांडायचे. आता मीही तेच म्हणते आणि तीही त्यालाच ओ देते. समोरच्या म्हातारीचं नाक केव्हाच गेलंय, तिला कसलाच वास येत नाही. पोरीची छाती वाजायला लागली की म्हातारी दारातून ओरडते, "आज सोडलं का गं?"

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "हवापालट करा." मी म्हटलं, "आमच्याकडची हवा माझा भाऊच पालटतो, डॉक्टर." तो हसला नाही. म्हणाला, "पुढच्या खेपेला तोंडात मारायच्या पंपानं भागेल असं मी सांगू शकत नाही. हिला इथून हलवा." हिचा बाप खोकत खोकतच गेला, ते त्याच डॉक्टरनं पाहिलंय.

तुझं काम मी पिपाणीला नीट समजावून सांगितलंय. टाकीत पिवळा वायू साठतो, तो अधूनमधून बाहेर सोडावा लागतो. मनोऱ्यावर कापडाची लांब पिशवी असते, वारा जाईल तिकडे ती टोक करते, तीच शेपटी. ती वरच्या कॉलनीकडे बघत असली की मामा हात आवरतो. खाली आपल्याकडे बघत असली की मामा चाक फिरवतो. ती म्हणाली, "मामाला माहीत नाही का आपण कुठं राहतो?" मी म्हटलं, "माहीत आहे म्हणून तर त्याला ठेवलाय."

खोटं नाही ना ते? कानाच्या पाळीला थुंकी लावून तू वारा सांगायचास. सगळी गल्ली कपडे वाळत घालायच्या आधी तुला विचारायची. मलाही तूच शिकवलंस. त्याच कानावर तुला नोकरी मिळाली, क्वार्टर मिळाली. मला त्याचं दुःख नाही. एका पोरीपुरती जागा दे, एवढंच.

तिला गॅलरीत झोपव. शेजाऱ्यांना मोलकरीण म्हणून सांगितलंस तरी चालेल, भांडी ती छान घासते. मी मनाला लावून घेणार नाही. घेईन, पण बोलणार नाही.

तुझी धाकटी

२९ जानेवारी

दादा,

काकांनी तुझा निरोप सांगितला. बिचारे माझ्या मशीनच्या पायट्याकडे बघत सांगत होते. क्वार्टरमध्ये बाहेरचं माणूस ठेवता येत नाही. वहिनींना खोकल्याचा आवाज सहन होत नाही, त्यांचं डोकं उठतं. मी विचारलं, "बाहेरचं माणूस हा शब्द त्याचा की वहिनींचा?" काका म्हणाले, "मला कशाला मध्ये घेतेस बाई, मी आपला निरोप्या."

खरं कारण मला कळत नाही असं समजू नकोस. तू वर सांगितलंयस की तुझं गाव लांब, नदीच्या पलीकडे. पिपाणी आली तर पहिल्याच दिवशी बिंग फुटेल. तिचा रंग, तिचं बोलणं, तिचा खोकला, सगळं खालच्या वस्तीचं. तू तुझं बोलणं घासूनपुसून लख्ख केलंस. रंग काही साबणानं जात नाही, पण उन्हात उभं राहून काळवंडला असेल अशी साहेबलोकांची समजूत असेल. कारखान्यात कामाला चालतो आपण. शेजारी चालत नाही. हे तू मला सांगायची गरज नाही, मीही त्याच गल्लीत वाढले.

गाठोडं मिळालं. खोकल्याच्या औषधाची बाटली आणि तुझ्या छकुलीचा जुना फ्रॉक. तोंडाला पानं पुसावीत तर तुझ्यासारखी, त्यांनाही इस्त्री करून पाठवलीस. फ्रॉक मी पिपाणीच्या मापाचा केला. कमरेत बराच आत घ्यावा लागला. छकुली अंगानं भरलेली दिसते, तुमच्याकडची हवा मानवते तिला.

बरं, घरात घेऊ नकोस. मग एक कर. सोडायचं असतं त्या दिवशी तुला घरून निघतानाच अंदाज असतो. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की तुझी गॅलरी दिसते. निघण्यापूर्वी कठड्यावर टॉवेल टाक. वहिनी म्हणतील वाळत घातलाय. मी तेवढा वेळ पोरीला घेऊन वरच्या रस्त्याला जाईन. ह्याला ना क्वार्टरचा नियम आडवा येतो ना कुणाचं डोकं उठतं.

पिपाणी तुझ्या गॅलरीकडे बघून हात हलवते. मी तिला सांगितलं नाही की तू आत असतोस तेव्हा पडदा ओढलेला असतो.

धाकटी

२४ फेब्रुवारी

दादा,

टॉवेल दिसतो. निळ्या काठाचा पांढरा. देव तुझं भलं करो, असं मी बऱ्याच वर्षांनी मनापासून म्हटलं.

टॉवेल दिसला की मशीनवरचं काम तसंच टाकून मी पिपाणीला उचलते. तुमच्या फाटकासमोर झाडाखाली बाक आहे, तिथं बसतो. खाली गल्लीवर पिवळा थर उतरताना तिथून स्वच्छ दिसतो. वरून फार सुंदर दिसतं रे ते. मला कल्पनाच नव्हती. तुमच्याकडचे लोक फिरायला येतात, थांबून बघतात.

पहिल्या दिवशी पहारेकरी आला. "ताई, हा बाक रहिवाशांसाठी आहे."

मी म्हटलं, "आम्ही बसलो नाही दादा, श्वास घेतोय."

"मग उभ्यानं घ्या."

घेतला उभ्यानं. पिपाणीला त्याचंही हसू आलं. मनसोक्त हसली आणि छाती वाजली नाही. हे तुला सांगायचं होतं म्हणून मुद्दाम लिहिलं. तिचं हसणं खोकल्याशिवाय संपलं. घरी येऊन तिनं फ्रॉकला स्वतः बटण लावलं, वाकडं लावलं, आणि म्हणाली, मामाला दाखवायला वर जाताना हाच घालीन.

एकच गोष्ट डाचते. निघताना म्हातारीच्या दारावरून मी चपला हातात घेऊन जाते. पलीकडच्या गवंड्याची बायको तान्हं मूल घेऊन बसलेली असते, तिच्याकडे बघत नाही. तू फक्त मला म्हणून सांगितलंयस, हे मी विसरलेले नाही.

धाकटी

१८ मार्च

दादा,

तुझा निरोप मिळाला आणि रागही पोचला. "मी फक्त तुझ्यासाठी केलं होतं, तू सगळी वस्ती फाटकाशी आणून उभी केलीस." बरोबर आहे.

पण मी आणली नाही. म्हातारी आंधळी नाही, तिचं फक्त नाक गेलंय. चपला हातात घेऊन जाणारी बाई तिला दिसत होती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती काठी टेकत मागून आली. तिच्यामागून गवंड्याची बायको, मग तिची जाऊ. मी काय करायचं होतं? "तुम्ही गुदमरा, माझा भाऊ फक्त माझा आहे," असं म्हणायचं होतं? म्हणायला हवं होतं खरं तर. टॉवेल तरी राहिला असता.

तुमच्या फाटकासमोर गर्दी जमली, पोरं बाकावर चढली, म्हातारी तुमच्या झाडाखाली थुंकली. कॉलनीच्या बायकांनी तक्रार केली, हे सगळं काकांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं म्हणे, ह्या लोकांना आधी कळतं कसं? तू कानावर हात ठेवलेस. आणि त्या दिवसापासून गॅलरी रिकामी.

तुझी नोकरी जाईल अशी भीती वाटते ना तुला? मला कळतं. पण दादा, तुझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल. मी कशाबद्दल बोलतेय ते तुला माहीत आहे. टॉवेल नको तर दुसरं काहीतरी कर. पडदा अर्धा उघडा ठेव. कुंडी हलव. मी शपथ घेते, एकटीच येईन, म्हातारीला खोलीत कोंडून येईन. मी रोज सकाळी टाकीपाशी उभी राहते. बायका हसतात, म्हणतात हिला पाण्याचं वेड लागलं.

धाकटी

४ एप्रिल

दादा,

काल गॅलरीत काहीच नव्हतं. मी बराच वेळ बघितलं, मग कामाला बसले.

पिपाणी दारात बसून मशीनखालच्या चिंध्या रंगारंगानं वेगळ्या करत होती. आधी तिची छाती वाजली आणि मग मला वास आला. पंप मारला. पुन्हा मारला. मग तो रिकामाच फुसफुसायला लागला. गवंड्यानं तिला खांद्यावर टाकून पळायला सुरुवात केली, मी मागून. दवाखान्याच्या पायरीवर तिची छाती वाजायची थांबली. मला वाटलं, पोरीला आराम पडला. मी गवंड्याला म्हटलंसुद्धा, "बघा, थांबलं." त्यानं तिला पायरीवर ठेवलं आणि तिचे डोळे मिटले.

फ्रॉक घालून न्यायची माझी इच्छा होती, पण बटण लागेना. तू मनोऱ्यावरून पाहिलं असशील. आमची माणसं त्याच रस्त्यानं जातात. शेपटी त्या वेळी खालीच बघत होती.

वहिनींना सांग, सुंठीवाचून खोकला गेला. आता त्यांचं डोकं उठायचं नाही.

२२ एप्रिल

दादा,

तू काकांबरोबर पाकीट पाठवलंस ते मी उघडलं नाही, तसंच परत दिलं. आत काय आहे ते काकांच्या तोंडावरून कळत होतं.

काम सुरू केलंय. माणसाला खायला लागतंच. काका भीतभीतच नारिंगी कापड घेऊन आले, म्हणाले, "शेपटीच्या चिंध्या झाल्यात. तुझं मन नसेल तर दुसरीकडे देतो." मी म्हटलं, "आणा इकडे. माझ्यासारखी कुणाला जमायची नाही."

ह्या वेळी फार मन लावून शिवली. एरवी एकेरी कापड घेते, ह्या वेळी दुहेरी. मध्ये जाड कॅनव्हास. पोटात तारेची कडी एका ठिकाणी घालते, ह्या वेळी टोकापर्यंत घातल्या, म्हणजे वारा पडला तरी लोंबत नाही, ताठ राहते. मानेपाशी, जिथं ती खांबाच्या कड्यावर फिरते, तिथं कापडाची घडी चांगली घट्ट बसवली. काका हातात घेऊन म्हणाले, "जड झाली गं." मी म्हटलं, "टिकेल. दर वर्षी शिवायचा त्रास नको."

ऐकलं की आता तुला काचेची खोली दिलीय, आत गार हवेचं यंत्र आहे. छान झालं. तिथं बसून शेपटीकडे बघायचं आणि चाक फिरवायचं. ह्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. कानाच्या पाळीला थुंकी लावतोस का रे अजून? मी लावते. ह्या दिवसांत सकाळचा वारा भरवशाचा नसतो, आधी खाली येतो आणि मग हळूच पाठ फिरवतो. तूच शिकवलंयस.

वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

धाकटी

१६ मे

दादा,

तुझ्या हातचं पत्र इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं. चारच ओळी, पण आलं. "छकुलीला बुधवारपर्यंत वर पाठव, गाडी पाठवतो." तिची खुशाली नंतर विचारलीस. आधी बुधवार लिहिलास.

मग मीही तुला सगळं सरळ लिहिते.

ती शेपटी मी मुद्दाम तशी शिवली. तिला जोराचा वारा वळवायचा, हलका नाही. एकदा खाली वळली की तिथंच अडकायची. त्या सकाळी वारा केव्हाच फिरला होता. मी दारात उभी होते, माझ्या कानाला कळलं. तू काचेआड बसला होतास. शेपटी खाली बघतेय म्हणून तू चाक फिरवलंस आणि सगळा पिवळा थर तुमच्या कॉलनीवर गेला. मी खालून बघितलं. खालून तितकंसं सुंदर दिसत नाही.

हे तू कुणालाही सांग. माझी ना नाही. फक्त सांगताना शेपटी कशासाठी लावतात तेही सांगावं लागेल, आणि ते तुमच्या साहेबांना परवडायचं नाही. म्हणून तर "वाऱ्याचा लहरीपणा" असं ठरलं ना? आणि काकांनी पुन्हा कापड आणून दिलं ना मला?

तुमच्याकडचं कुणी दगावलं नाही, हेही ऐकलं. गाड्या आल्या, प्राणवायूच्या नळ्या आल्या, साहेब आले, हवा मोजायचं यंत्र बसलं. ते फाटकाच्या आतल्या अंगाला बसवलंय म्हणतात. आमच्याकडे इतकी वर्षं एक डॉक्टर आहे, आणि तो हवापालट सांगतो.

त्या सकाळी तुमचे लोक पळत आमच्या गल्लीत उतरले. खाली हवा स्वच्छ होती, हे त्यांना बरोबर कळलं. पहारेकरी माझ्या पायरीवर बसून खोकत होता. मी म्हटलं, "दादा, ही पायरी रहिवाशांसाठी आहे." मग पाणी दिलं. म्हातारीनं तुमच्या बायकांना खाट दिली आणि पदरानं वारा घालत बसली. मला तिचा राग आला. इतकं चांगलं असू नये माणसानं.

वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या. अनवाणी. छकुलीच्या तोंडावर ओला टॉवेल होता, निळ्या काठाचा. त्यांना माझं घर माहीत नव्हतं, "शिंपीणबाई, शिंपीणबाई" करत दार शोधत आल्या. वरच्या लोकांत त्यांनाच माहीत होतं फक्त की इथं त्यांचं कुणी आहे. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पंप आहे का?"

पिपाणीसाठी नवा आणला होता तो. ती गेल्यानंतर मी तो आणला, का आणला ते विचारू नकोस. फळीवर होता, सील न फोडलेला. मी वहिनींकडे बघितलं. छकुलीची छाती वाजत होती. हुबेहूब तीच पिपाणी, दादा. मला वाटलं होतं तो आवाज वरून ऐकायला आला तर माझ्या काळजाला थंडावा मिळेल. मी सील फोडलं आणि तिला मांडीवर घेतलं.

छकुलीला उतार पडला. गाडीत चढवताना वहिनीच म्हणाल्या, "मला दवाखान्यात नेतायत. घर धुतल्याशिवाय राहता येणार नाही म्हणतात. चार दिवस हिला ठेवून घ्या." मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. बघ, किती सोपं असतं.

छकुली माझ्यापाशीच झोपते. ट्रंकेतला फ्रॉक तिनं ओळखला. "आत्या, हा माझा होता ना?" म्हणाली, अंगाला लावून बघितला, तिला होत नाही. मग वाकडं बटण काढून नीट लावायला बसली, तेव्हा मी ओरडले तिच्यावर. फार ओरडले. नंतर दोघी रडलो. रोज रात्री मी तिच्या छातीला तेल चोळते. माझा जीव जडलाय तिच्यावर, आणि हे मी तुला दुखवायला लिहीत नाही, खरंच तसं आहे.

तरी तिला मी पाठवणार नाही.

काका म्हणाले, टाकी गळ्यापर्यंत भरलीय. इतके दिवस सोडलेलं नाही, गुरुवारी सोडावंच लागेल. तुझ्याशिवाय वारा कळणारा त्यांच्याकडे दुसरा कुणी नाही म्हणून तुला ठेवलाय. म्हणून तुला बुधवारपर्यंत पोर वर हवी. बुधवारपर्यंत, म्हणजे गुरुवारी म्हातारी आणि गवंड्याचं तान्हं तेवढं खाली राहील. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी ऐकून होते. पण माझी पोर दुसऱ्याची कधी झाली, ते मला सांग.

गाडी पाठवू नकोस. गाडी आली तर मी गल्लीत उभी राहून मोठ्यानं सांगेन की ही माझ्या भावाची मुलगी आहे आणि माझा भाऊ ह्याच खोलीत जन्मला. पहारेकरी आता आमच्याकडे चहाला येतो, वर जाऊन तो जसंच्या तसं सांगेल.

नवी शेपटी काकांबरोबर पाठवलीय. ही मी नीट शिवलीय, एकेरी कापड, एकच कडी. नुसत्या फुंकरीला वळते. तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेव.

तुझा टॉवेल धुऊन माझ्या दोरीवर टाकलाय. मनोऱ्यावरून दिसेल. तो दोरीवर आहे तोवर पोर इथं आहे, असं समज. आज सकाळपासून वारा खालच्या अंगाला आहे आणि गुरुवारपर्यंत तो बदलेल असं काही माझ्या कानाला वाटत नाही.

छकुली आत्ता दारात बसलीय, मनोऱ्याकडे बघून हात हलवतेय. मला विचारते, "आत्या, बाबांना मी इथून दिसते का?"

मी म्हटलं, गुरुवारी कळेल.

धाकटी